वंशावळीचा पुरावा

गेल्या श्रावणातील एका सोमवारी संकेश्वर येथील माझ्या कचेरीत एक वयोवृद्ध गृहस्थ आले. त्यांच्या काखेत लाल फडक्यात गुंडाळलेली एक लांबलचक सुरळी होती. ती त्यांनी मोठ्या आदराने टेबलावर उलगडली. सव्वीस पिढ्यांची वंशावळ होती ती. तळाशी त्यांच्या नातवंडांची नावे होती आणि शिरोभागी, निराळ्या शाईत, "जीमूतवाहन विद्याधर" असे लिहून त्याखाली चार शिलाहार राजांची नावे मांडलेली होती. गावातील देवळाचा जीर्णोद्धार चालला होता. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी बसवून तीवर "शिलाहारवंशोद्भव" हे विशेषण आपल्या घराण्यास लावावे, अशी त्यांची इच्छा होती. "वकीलसाहेब, हे कायद्याने टिकेल ना, एवढेच सांगा," असे ते म्हणाले.

प्रश्न वरकरणी साधा होता. परंतु त्याचे उत्तर देण्यास मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे वाचले व पाहिले, त्याचा सारांश वाचकांपुढे ठेवावा असे वाटते. कारण अशी सुरळी आज पुष्कळांच्या घरी आहे आणि कुलवृत्तान्त छापण्याची हौसही वाढत आहे.

कायदा वंशावळीस पुरावा मानतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३२ व्या कलमात मृत व्यक्तींच्या परस्पर नात्याविषयीचा कौटुंबिक लेख, वंशावळ किंवा समाधीवरील मजकूर ग्राह्य धरलेला होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. मात्र त्यास एक अट आहे: तो लेख वाद उत्पन्न होण्यापूर्वी झालेला असला पाहिजे. हक्क सांगावयाचा म्हणून लिहिलेली वंशावळ आणि सहज, अन्य कार्याच्या ओघात नोंदली गेलेली वंशावळ यांत न्यायाधीश जो भेद करतो, तोच इतिहासकारानेही करावयाचा असतो.

हा भेद आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता असे नाही. राजाने भूमिदान केल्यास पुढील राजांच्या माहितीसाठी वस्त्रावर किंवा ताम्रपटावर लेख करावा आणि त्यात स्वतःचे व आपल्या वंशजनांचे नाव घालावे, अशी आज्ञा याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात आहे. तीवर मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळातला. त्या वंशजनांचा अर्थ तो प्रपितामह, पितामह आणि पिता असा करतो. म्हणजे श्राद्धात ज्या तीन पिढ्यांना आपण पिंड देतो, त्याच तीन पिढ्या दानपत्रात यावयाच्या. याच स्मृतीवर दुसरी विख्यात टीका आहे अपरार्काची. आणि अपरार्क म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य. ज्या कुळाच्या वंशावळीविषयी माझ्यापुढे प्रश्न आला होता, त्याच कुळातील एक राजा वंश कसा नोंदवावा हे सांगणाऱ्या स्मृतीचा भाष्यकार होता, ही गोष्ट मला फार उद्बोधक वाटली.

आपल्या या सीमाभागावर मध्ययुगात तीन मांडलिक राजकुळांची सत्ता होती. कोल्हापूर व पन्हाळ्याकडे शिलाहार, सौंदत्ती व पुढे वेणुग्राम म्हणजे बेळगाव येथे रट्ट, आणि दक्षिणेस गोव्याचे कदंब. संकेश्वर रट्टांच्या टापूत येई. चौथ्या कार्तवीर्याच्या काळातील शिलालेख येथेही मिळालेला आहे. या तिन्ही कुळांच्या लेखांची ठेवण एकच. प्रारंभी पुराणपुरुष, मग बिरुदे, मग प्रत्यक्ष पूर्वज आणि शेवटी दान. शिलाहार आपला उगम गरुडापुढे शिलेवर देह अर्पण करणाऱ्या जीमूतवाहनापासून सांगत; कदंब त्रिलोचन कदंबापासून; रट्ट राष्ट्रकूट सम्राट कृष्णापासून.

बिरुदांत आणखी एक धागा आहे. शिलाहार स्वतःस "तगरपुरवराधीश्वर" म्हणवीत, रट्ट "लट्टलूरपुरवराधीश्वर", कदंब "बनवासीपुरवराधीश्वर". तगर म्हणजे आजचे तेर, लट्टलूर म्हणजे लातूर. यांपैकी कोल्हापूरच्या शिलाहारांचे तेरवर किंवा रट्टांचे लातूरवर राज्य नव्हते. ती त्यांच्या मूळ गावाची आठवण होती, आपण आडनावात जशी जपतो तशी. इंग्लंडातही हेच आढळते. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्याच्यामागून गेलेले सरदार आपल्या मूळ गावाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ब्री नावाच्या नॉर्मन गावावरून ब्रूस हे कुलनाम झाले आणि त्या कुळातील रॉबर्ट ब्रूस १३०६ साली स्कॉटलंडचा राजा झाला.

या अँग्लो-नॉर्मन घराण्यांची कथा आपल्याला उपयोगी आहे, कारण वंशाभिमानाचा रोग तेथेही तोच होता. विजयाच्या जागी विल्यमने मठ स्थापिला. त्या मठात विजेत्या वीरांची नामावली होती असे सांगतात. परंतु हाती आलेल्या तिच्या प्रती पुष्कळ नंतरच्या आहेत आणि त्यांत मागाहून अनेक घराण्यांनी आपली नावे घुसविली. ब्रूस घराण्याचा मूळपुरुष हेस्टिंग्जच्या रणात होता ही समजूत शतकानुशतके चालली. पण कागद पाहावे तर त्या कुळाचा इंग्लंडातील खात्रीचा पुरुष पहिल्या हेन्रीच्या कारकीर्दीत, म्हणजे ११०० नंतर भेटतो. उलट १०८६ साली विल्यमने करविलेली जमिनीची मोजदाद, डूम्सडे बुक, हा भरवशाचा पुरावा ठरला. कारण ती सारावसुलीसाठी झाली होती, कोणाची थोरवी गाण्यासाठी नव्हे. जे. एच. राउंड या इतिहासकाराने अशा कित्येक बनावट वंशावळी १९१० च्या सुमारास निर्दयपणे फाडून टाकल्या.

आपल्याकडे हे काम ताम्रपटांच्या वाचकांनी केले. बाळशास्त्री जांभेकरांनी खारेपाटणचा ताम्रपट वाचून प्रसिद्ध केला. शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा हा पट दक्षिण कोकणच्या रट्टराज शिलाहाराचा. त्यात सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा पुरुष क्रमाने दिले आहेत. विशेष असे की, त्याआधी राष्ट्रकूट सम्राटांचीही वंशावळ त्यात आहे. राष्ट्रकूटांचे राज्य ९७३ साली तैलप चालुक्याने बुडविले होते आणि रट्टराज त्या वेळी चालुक्यांचा मांडलिक होता. गेलेल्या धन्याचा वंश सांगून त्यास काही मिळावयाचे नव्हते. म्हणूनच ती साक्ष मोलाची.

तथापि खरा लेखही वाचणाऱ्यास फसवितो. त्याची दोन उदाहरणे देतो. कोल्हापूरच्या शाखेचा मारसिंह याचा इ. स. १०५८ चा ताम्रपट मिरजेस मिळाला. त्याच्यानंतर गूवल, भोज, बल्लाळ आणि गंडरादित्य अशी नावे ओळीने येतात. एखाद्याने ही पिता-पुत्रांची साखळी धरली, तर चार पिढ्या होतील आणि शंभर वर्षांचा हिशेब चुकेल. वस्तुतः हे सारे मारसिंहाचे पुत्र, एकमेकांचे सख्खे भाऊ. राजांची यादी ही वंशावळ नव्हे. दुसरे उदाहरण सौंदत्तीचे. तेथील जुन्या लेखांत मेरड, पृथ्वीराम, पिट्टुग, शांतिवर्मा असे पुरुष आहेत. पूर्वी अभ्यासक रट्टांचा आरंभ यांच्यापासूनच करीत. परंतु शांतिवर्म्याचा लेख इ. स. ९८० चा आणि नन्नपुत्र कार्तवीर्य रट्टाचा सोगल येथील लेखही ९८० चाच. एकाच वर्षी, एकाच टापूत दोन अधिकारी पुरुष. आणि शांतिवर्मा व नन्न यांचे नाते सांगणारा एकही लेख नाही. गाव एक म्हणून कूळ एक होत नाही, हे जमिनीच्या दाव्यात आम्ही रोज पाहतो.

आणखी एक उणीव ध्यानात ठेवावी. ताम्रपट मुख्यतः पुत्रांचा हिशेब देतात. पण ही कुळे एकमेकांस बांधली गेली ती कन्यांच्या द्वारे. करहाट म्हणजे कऱ्हाड येथील शिलाहार राजकन्या चंद्रलेखा सहाव्या विक्रमादित्यास दिली होती. तिच्या स्वयंवराचे वर्णन बिल्हणाने विक्रमांकदेवचरितात केले आहे. त्याच विक्रमादित्याची कन्या मैललदेवी गोव्याच्या दुसऱ्या जयकेशी कदंबाकडे आली. पहिल्या जयकेशीची कन्या मयणल्लादेवी गुजरातेत कर्ण चालुक्यास दिली गेली आणि सिद्धराज जयसिंहाची माता झाली. पेर्माडी कदंबाची राणी कमलादेवी हिच्या नावाचे कमलनारायणाचे देऊळ बेळगाव जिल्ह्यातील देगावे येथे आजही उभे आहे. कानडी, मराठी, कोंकणी आणि गुजराती मुलूख या लेकींनी जोडले. केवळ पुरुषांची ओळ काढून जो आपले कूळ शुद्ध एका भाषेचे वा एका प्रांताचे ठरवू पाहतो, तो वंशवृक्षाचा अर्धा भाग तोडूनच तसे करतो.

या कुळांचा शेवटही लेखांनीच सांगितला आहे. दुसऱ्या भोज शिलाहाराचा इ. स. १२१२ च्या सुमारास देवगिरीच्या सिंघण यादवाने पराभव केला. रट्टांचा शेवटचा ज्ञात राजा दुसरा लक्ष्मीदेव १२२८ च्या सौंदत्ती लेखात आहे आणि १२३८ च्या हरळहळ्ळी लेखात यादवांचा सेनापती वीचण रट्टांना जिंकल्याचे सांगतो. त्यानंतर शिळा व ताम्रपट या घराण्यांविषयी मुके होतात.

आता त्या सुरळीकडे वळतो. तिच्यातील शेवटच्या सात पिढ्या वतनाच्या कागदांशी जुळत होत्या. त्यांतही १८५२ साली नेमलेल्या इनाम कमिशनापुढे दिलेली कैफियत होती; ती हक्क राखण्यासाठी लिहिलेली, म्हणून जपून वाचावी लागली. पण गावच्या देवळातील जुन्या पूजापाळीच्या वहीत, तंट्याशी संबंध नसलेल्या नोंदीत, तीच नावे त्याच क्रमाने मिळाली आणि माझी खात्री पटली. त्यावरच्या पिढ्यांना मात्र आधार नव्हता. दुसरा भोज आणि त्यांचा पहिला सिद्ध होणारा पूर्वज यांच्यामध्ये सुमारे पाचशे वर्षांची दरी होती आणि ती केवळ आडनावातील सादृश्यावर ओलांडलेली होती. नामसादृश्य हा तपासाचा आरंभ असू शकतो, पुरावा नव्हे.

हे सांगणे मला जड गेले. गृहस्थ काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे वडिलांनी खोटे लिहिले?" मी म्हटले, "नाही, काका. त्यांनी ऐकले ते श्रद्धेने लिहिले. पण देवासमोर पाटी लावावयाची, तर तीवर आपण शपथेवर सांगू शकू तेवढेच असावे."

त्या निमित्ताने मी देऊळ पाहावयास गेलो. दीपमाळेच्या पायथ्याशी एक कोरीव शिळा होती. चुन्याचे व तैलरंगाचे थर तीवर बसले होते आणि नव्या फरशीखाली ती जाणार होती. वरच्या बाजूस सूर्यचंद्र व गाय-वासरू ओळखू येत होते. चंद्रसूर्य असेतोवर हे दान चालावे, असा त्या चिन्हांचा अर्थ. संगमरवरी पाटीवर सांगोवांगीची वंशावळ चढणार होती आणि ज्या शिळेने कदाचित खरी वंशावळ आठशे वर्षे सांभाळली, ती पायाखाली गाडली जाणार होती!

मंदिरांच्या विश्वस्तांना व भाविकांना म्हणूनच माझी हात जोडून विनंती आहे. जीर्णोद्धार अवश्य करावा. परंतु अक्षरे असलेला एकही दगड रंगवू नये, घासू नये, भिंतीत चिणू नये. लिपी कळत नसेल तर जाणकारांकडून ठसा घेववावा आणि शिळा सावलीत उभी करावी. मिताक्षरेने सांगितलेल्या तीन पिढ्या प्रत्येकाने आजच स्वच्छ लिहून ठेवाव्या, आईकडच्याही. नाव, गाव आणि आधार यांसह. वाद नसताना लिहिलेले तेवढे पानच उद्या पुरावा म्हणून उभे राहील.

कार्तिकात त्या गृहस्थांचा निरोप आला. पाटी लागली, तीवर सात नावे आहेत आणि विशेषण एकही नाही. ती शिळा उचलून सभामंडपाच्या कोपऱ्यात ठेवली आहे.