नेक्रॉस

नेक्रॉस : ‘मेलेला, मृत’ या अर्थाचे बायबलच्या ग्रीकमधील विशेषण, नाम म्हणूनही येते. रूपे : पुल्लिंगी नेक्रॉस, स्त्रीलिंगी नेक्रा, नपुंसकलिंगी नेक्रॉन.

व्युत्पत्ती : होमरच्या काव्यात हा शब्द ‘प्रेत’ या अर्थाचे नाम आहे, विशेषण म्हणून तो पुढे रूढ झाला. संस्कृत ‘नश्’ धातू आणि अवेस्तातील ‘नसु’ (प्रेत) यांचे मूळ तेच. मराठीतला ‘नाश’ आणि मुंबईच्या पारशी समाजात मृतदेहाची व्यवस्था पाहणाऱ्या ‘नसासालारां’चे नाव ही त्याच कुळातली.

व्याकरण : विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. याकोबाच्या पत्रात (2:26) आत्म्यावाचून शरीर ‘नेक्रॉन’ आणि कृतीवाचून विश्वास ‘नेक्रा’ ठरतो, कारण ग्रीकमध्ये शरीर नपुंसकलिंगी, तर विश्वास स्त्रीलिंगी. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक 15:24) मुलासाठी ‘नेक्रॉस’ येतो. तीन लिंगे असलेल्या मराठीत ‘मेलेला-मेलेली-मेलेले’ असा भेद राखता येतो. ‘मृत’ वापरल्यास तो दिसत नाही.

मत्तय 8:22 मध्ये मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे, असे येशू म्हणतो. तेथे पुरणारे आणि पुरले जाणारे दोन्ही ‘नेक्रूस’ या एकाच द्वितीया बहुवचनात आहेत. कोण कोणाला पुरतो, हे ‘आपल्या’ या अर्थाच्या सर्वनामावरून कळते. पहिले ‘मेलेले’ आध्यात्मिक अर्थाने, दुसरे खरोखरचे, असा अर्थ बहुतेक भाष्यकार लावतात.

चतुर्थीसोबत अर्थ ‘च्या दृष्टीने मेलेला’ असा होतो : रोमकरांस पत्रात (6:11) श्रद्धावंत पापाला मेलेले, पण देवासाठी जिवंत. पुनरुत्थानाच्या संदर्भात ‘एक् नेक्रोन’ हा षष्ठी बहुवचनाचा प्रयोग बहुधा उपपदाविना येतो. मराठी चर्चमध्ये रुळलेला ‘मेलेल्यांतून’ हे त्याचेच प्रतिरूप. नायसीन मतांगीकारातील ‘मृतांचे पुनरुत्थान’ या शब्दांमागेही हेच ‘नेक्रोन’ आहे. कॅथलिक भाविकांच्या रविवारच्या मिस्सेतही हा मतांगीकार म्हटला जातो.

जवळचे शब्द : मृत्यूसाठी ‘थानातॉस’, मरण्यासाठी ‘आपोथ्नेस्को’. ही दोन्ही घटना सांगतात. नेक्रॉस अवस्था सांगतो. लाजर कबरेतून बाहेर येतो तेव्हा (योहान 11:44) नेक्रॉस न वापरता ‘मेलेला होता तो’ अशा अर्थाचे पूर्णकालवाचक कृदंत येते. नेक्रॉसपासून ‘नेक्रोओ’ (निर्जीव करणे) आणि ‘नेक्रोसिस’ ही रूपे झाली. रोमकरांस 4:19 मध्ये अब्राहामाचे थकलेले शरीर आणि सारेचे वांझ उदर यांना ती लावली आहेत. वैद्यकात पेशी मरण्याला आजही नेक्रोसिस म्हणतात.

मराठीत : पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथ 1924 मध्ये छापून पूर्ण झाला.