रक्ताचे नाते आणि व्हिसाची रांग

परदेशी स्थायिक झालेल्या नातलगाने आपल्यासाठी अर्ज करावा आणि कालांतराने आपण तिकडे जावे, ही वाट आता आपल्या घराघरांत परिचयाची झाली आहे. ‘अमेरिकेतल्या बहिणीने फाइल केली आहे’ एवढे म्हटले, की ऐकणाऱ्याला पुढचे सारे कळते. परंतु ही वाट कोणी व कशासाठी बांधली, हे सहसा कोणी सांगत नाही. तो इतिहास जाणून घेण्याजोगा आहे. कारण ज्यांनी ती बांधली त्यांना आपल्यासारख्यांनी तीवरून यावे असे मुळीच वाटत नव्हते.

अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना दार बंद केले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी मनुष्य नागरिकत्वास पात्र नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९२४ साली युरोपीय देशांना १८९० च्या खानेसुमारीवरून कोटे ठरवून देण्यात आले. त्यात इटली आणि पोलंड येथील कॅथलिकांचीही कोंडी झाली. नागरिकाची पत्नी व अठरा वर्षांखालील मुले यांना या कायद्याने कोट्याबाहेर ठेवले होते खरे; पण चिनी वंशाच्या अमेरिकन नागरिकाची चीनमधील पत्नी या सवलतीत बसत नाही, असे १९२५ साली न्यायालयाने ठरविले. कुटुंब एकत्र असावे हे तत्त्व मान्य होते. कोणाचे कुटुंब, हा प्रश्न होता.

नात्याच्या पुराव्याची कसोटीही याच चिनी लोकांना प्रथम द्यावी लागली. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी नोंदी जळाल्या. तेव्हा अनेकांनी आपला जन्म तेथलाच असल्याचे सांगून नागरिकत्व मिळविले, आणि मग चीनमधील मुलगे म्हणून खरे-खोटे तरुण बोलावून घेतले. अशांना ‘कागदी मुलगे’ हे नाव पडले. १९१० ते १९४० या काळात एंजल आयलंड बेटावर अधिकारी त्यांची कसून उलटतपासणी करीत. घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या दिशेला, शेजारच्या घरात कोण राहते? मुलगे ही उत्तरे वह्यांतून पाठ करीत आणि बंदर जवळ आले की वह्या समुद्रात टाकून देत. खोट्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु सख्ख्या मुलालाही पायऱ्यांची संख्या चुकली म्हणून परत जावे लागण्याची भीती असे, हेही विसरता येत नाही. आपल्या धर्मग्रामांतील बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांची किंमत अशा वेळी कळते. सरकारी जन्मदाखला नसलेल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत आजही त्याच नोंदी नात्याचा पुरावा म्हणून पुढे केल्या जातात.

१९४६ साली हिंदी लोकांना वर्षाला १०० जागा मिळाल्या. शंभर! खरे परिवर्तन झाले ते १९६५ साली. इमॅन्युएल सेलर या न्यूयॉर्कच्या प्रतिनिधीने १९२४ चा कायदा होताना त्याला विरोध केला होता. एक्केचाळीस वर्षांनी तो मोडण्याचे विधेयक त्यानेच मांडले. मूळ मसुद्यात पहिला मान शिक्षण व कौशल्य यांना होता. परंतु उपसमितीचे अध्यक्ष, ओहायोचे मायकल फीअन, यांनी क्रम उलटवला. चौऱ्याहत्तर टक्के जागा नातलगांना आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा, चोवीस टक्के, नागरिकांच्या भावाबहिणींना. नागरिकाची पत्नी वा पती, अल्पवयीन मुले आणि आईवडील यांना तर मर्यादाच नव्हती. हिशेब साधा होता : देशात बहुसंख्य युरोपीय वंशाचे, म्हणून त्यांचे नातलगही युरोपातूनच येतील, आणि आशियाई लोक मुळात इतके थोडे की त्यांना बोलावणार कोण? ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी सही करताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीही, हा कायदा काही क्रांतिकारक नव्हे, असेच सांगितले.

हिशेब चुकला. युरोप सुखवस्तू झाला होता. तेथून यायला फारसे कोणी उत्सुक नव्हते. भारतातून डॉक्टर आणि अभियंते गुणवत्तेच्या थोड्या जागांवर गेले, पाच वर्षांनी नागरिक झाले, आणि त्यांनी भावंडांसाठी अर्ज भरले. भारतात जन्मलेले तेथील रहिवासी १९६० साली सुमारे १२ हजार होते; १९८० साली ते दोन लाखांवर गेले. या कायद्याला तिकडे ‘भावाबहिणींचा कायदा’ असे टोपणनावच पडले.

मग भावंडांची जागा काढून टाकण्याच्या सूचना सुरू झाल्या. फादर थिओडोर हेस्बर्ग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८१ साली ती राखावी असे सुचविले. १९९५ च्या बार्बरा जॉर्डन आयोगाने ती रद्द करावी असे सुचविले. जागा टिकली, पण १९९० च्या कायद्याने तिला वर्षाला ६५ हजारांची मर्यादा घातली, आणि कोणत्याही एका देशाला एकूण जागांच्या सात टक्क्यांची. त्यामुळे भारतातील भावाबहिणीला पंधरा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. १९९६ पासून बोलावणाऱ्याला कायद्याने बंधनकारक आर्थिक हमीही द्यावी लागते.

या प्रतीक्षेचा परिणाम धर्मगुरूला विवाहाच्या प्रसंगी दिसतो. ग्रीन कार्डधारक आईबापांना विवाहित मुलासाठी अर्ज करता येत नाही. मुलाने लग्न केले की रांगेतले स्थान गेले. म्हणून लग्ने लांबतात. ‘चर्चमध्ये लग्न लावा, नोंद नंतर करू’ असे सुचविणारेही भेटतात. पण आपला चर्चमधील विवाह १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार कायदेशीरच असतो. तो झाल्यावर अविवाहित म्हणून सही करणे हे खोटेच.

मुलांचे दुःख निराळे. अर्ज भरला तेव्हा शाळेत असलेला मुलगा व्हिसा येईतो एकवीस वर्षांचा होतो आणि कायद्याच्या दृष्टीने कुटुंबाबाहेर पडतो. २००२ च्या कायद्याने वयातून अर्जाच्या तपासणीचा काळ वजा केला, रांगेतला नाही. एल साल्वादोरच्या एका स्त्रीसाठी तिच्या अमेरिकन नागरिक आईने १९९८ साली अर्ज केला, तेव्हा तिचा मुलगा तेरा वर्षांचा होता. २००५ साली तिची पाळी आली, त्याच्या काही महिने आधी त्याला एकवीस पूर्ण झाले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला : आईच्या रांगेतील जुनी तारीख मुलाला मिळणार नाही. आईने स्थायिक झाल्यावर त्याच्यासाठी नवा अर्ज करावा आणि त्याने रांगेच्या शेवटी उभे राहावे.