असीरगड : कुटुंबासह अर्ध्या दिवसाची पायी सहल

बऱ्हाणपूरहून खंडवा रस्त्याने सुमारे २० कि.मी. गेले की सातपुड्यात असीरगड लागतो. पायथ्यापासून माथा सुमारे २५० मीटर उंच आहे. भोवती सागाचे रान. चढ असला तरी थांबत थांबत गेल्यास शाळकरी मुलांना झेपतो. ज्येष्ठांनी गाडीने वरपर्यंत जाऊन फक्त शेवटच्या पायऱ्या चढाव्यात.

इतिहास : जानेवारी १६०१ मध्ये अकबराने दीर्घ वेढ्यानंतर गड घेतला. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर तो बऱ्हाणपुरासह पेशव्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे गेला आणि १८१९ मध्ये इंग्रजांनी जिंकला. वर महादेवाचे मंदिर, जामा मशीद व तलाव आहेत. अश्वत्थामा आजही येथे पूजेला येतो, अशी लोककथा आहे.

सूचना : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम, पावसाळ्यात दगड निसरडे होतात. पहाटे निघावे, माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. तटाच्या कडेला व तलावाजवळ लहानांचा हात सोडू नये. कचरा परत आणावा, भिंतींवर नावे कोरू नयेत.

आपली मुले पुस्तकात पानिपत वाचतात. त्याच्या आदल्याच वर्षी मराठ्यांना मिळालेला गड घराजवळ आहे, हे त्यांना तटावर उभे करून सांगावे.