पाचवीचा कोरा कागद

आमच्या कन्येच्या जन्माआधीच तिच्यासाठी पुस्तकांचा एक कप्पा मी रिकामा करून ठेवला होता. मराठीच्या अध्यापकाला बापपणाची तयारी याहून वेगळी सुचली नाही. पाचवीच्या संध्याकाळी सासूबाईंनी पाटा-वरवंट्याची पूजा मांडली आणि माझ्याकडे कागद व पेन मागितले. मी उत्साहाने कप्प्यातले एक नवे पुस्तकच पुढे केले. त्या म्हणाल्या, “अहो, छापलेलं कशाला? कोरा कागद द्या. सटवाईला लिहायचंय ना!”

हा विधी आपल्याकडे कुठे पाचव्या, तर कुठे सहाव्या रात्री होतो. त्या रात्री सटवाई येऊन बाळाचे भविष्य लिहिते, ही त्यामागची समजूत. या रात्रींना एवढे महत्त्व का आले असावे, याचा अंदाज बांधता येतो. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे होणारा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतो. तेवढे दिवस पार पडले, तर बाराव्या दिवशी बारसे. जागरणाच्या मुळाशी भक्तीइतकीच भीतीही असणार.

मला त्या रात्री जाणवली ती मात्र वेगळीच विसंगती. बाळंतिणीच्या खोलीत दौत-लेखणी ठेवली जात होती; तिथे लिहायला येणारी देवताही स्त्रीच होती. पण खाटेवरच्या बाळंतिणीला त्या कागदावर स्वतःचे नाव लिहिता येत होते का? एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य घरांत याचे उत्तर नकारार्थी होते. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांशी विवाह झाला, तेव्हा रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. पतीने शिकवायला आरंभ केला आणि घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष पत्करून त्या शिकल्या. त्याच रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाले.

आनंदीबाई जोशी यांची कहाणी तर थेट याच दिवसांशी येऊन भिडते. त्यांचा जन्म १८६५चा. लग्नानंतर गोपाळरावांनी त्यांना हट्टाने शिकवले. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या; मूल अवघे दहा दिवस जगले. बारशाचा दिवस उजाडलाच नाही. वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हे दुःख होते. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्यांनी पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्यांचे चरित्र लिहिले काशीबाई कानिटकरांनी. एका स्त्रीचे आयुष्य दुसऱ्या स्त्रीने कागदावर उतरवले. सटवाईकडची लेखणी मर्त्य स्त्रीच्या हाती आली ती अशी.

याचा अर्थ त्याआधीच्या आयांजवळ बाळाला द्यायला वाङ्मय नव्हते, असा मात्र नाही. पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत कडव्याकडव्याने चालणारा पाळणा, जात्यावरच्या ओव्या, अंगाई हे सारे त्यांच्या मुखी होते. मूल प्रथम हेच ऐके. छापील पुस्तक त्याच्यापर्यंत पुष्कळ उशिरा पोचले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ १८२८चे. मुलाला शहाणे करावे ही मोठ्यांची तळमळ त्या काळच्या अशा पुस्तकांतून ठळकपणे दिसते. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी मासिक काढले, त्याचे नाव मात्र त्यांनी ‘आनंद’ ठेवले. उपदेशाकडून आनंदाकडे यायला आपल्या बालवाङ्मयाला किती काळ लागला, ते या दोन सालांमधील अंतरावरून ध्यानी यावे.

ग्रंथप्रेमी पालकांनी हा इतिहास स्वतःला लावून पाहायला हरकत नसावी. आपल्याला आवडलेली पुस्तके आपण नवजात जीवासाठी रचून ठेवतो, तेव्हा आपणही नकळत त्याचा ललाटलेख लिहू पाहत असतो. माझ्या कप्प्याकडे त्या रात्री मी पुन्हा पाहिले. तीत तिच्या आवडीचे एकही पुस्तक नव्हते. असणार तरी कसे? सगळी माझ्या आवडीची होती. शेजारच्या खोलीत पत्नी तिला हलक्या आवाजात काहीतरी म्हणून दाखवत होती. ते तिला तिच्या आजीकडून मिळालेले. त्या आजीला सही करता येत नसे.

सकाळी पूजा उचलताना कागद अर्थातच कोरा होता. सासूबाईंनी तो जपून ठेवायला सांगितला. तो मी रमाबाईंच्या ‘आठवणी’त ठेवला आहे आणि कप्प्यातली निम्मी पुस्तके परत माझ्या कपाटात नेली आहेत. राहिलेल्या जागेत काय यावे, ते ती वाचू लागली की तीच ठरवील.