तळटीप १२ : सेत्ते

१२. सेत्ते : हस्तलिखितात हा शब्द ‘शेट्टे’ असा पडला होता, जळकोटच्या मामांना बाटलीवर कुणाचं तरी आडनाव छापलंय असंच वाटलं असावं. इटालियनमध्ये ‘सेत्ते’ म्हणजे सात. अकलूजच्या (जि. सोलापूर) फ्रातेल्ली वाइन्सची ही लाल वाइन. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊ : मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची, अशा भावांच्या तीन जोड्या, सातवे, प्रत्यक्ष वाइन घडवणारे, तोस्कानाचे पिएरो मासी. सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यो या द्राक्षांचं हे मिश्रण. मणी बियांचे, काबर्नेचे तर लहान आणि जाड सालीचे. खायच्या थॉम्पसनशी गल्लत नको. रस जवळजवळ बिनरंगी निघतो, लाली चढते ती सालींसकट आंबवल्यामुळे. तोस्कानात सांजोवेझेची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे त्याच सुमारास फळछाटणी चाललेली असते आणि घड उतरतात उन्हाळ्याच्या तोंडावर. एप्रिलातली खरड छाटणी निराळी.

मामांनी ही ‘वाइन शॉप’मधून आणली, असं पुढे येतं. त्या पाटीखाली आपल्याकडे व्हिस्की-रमही मिळते, हे पुण्यामुंबईबाहेरच्या वाचकाला सांगायला नको. बर्फ घालून प्यायले, हा तपशील लेखकाच्या आग्रहाखातर ठेवला आहे. — संपा.