खाजकुइली, कंपवात आणि जुगार

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगररानात खाजकुइलीचे वेल आढळतात. मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळे केले. १९६० च्या दशकात तेच कंपवातावरील प्रमुख औषध ठरले; मेंदूत त्याचे डोपामीन होते.

पुढे डोपामीनची नक्कल करणारी प्रॅमिपेक्सोलसारखी औषधे आली. परंतु डोपामीन हालचालींसोबत लाभाची ओढही जागवते. २००५ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकने ११ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. अशा औषधांवर असताना त्यांना जुगाराचे अनावर वेड लागले होते. औषध घटवल्यावर वा थांबवल्यावर ते ओसरल्याचे दिसले.

१८८७ चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा जुगारात गुन्हा पाहतो, समाज व्यसन पाहतो. कंपवाताच्या रुग्णाबाबत मात्र स्वभावाला दोष देण्याआधी औषधाची चिठ्ठी पाहावी. बदल डॉक्टरांनीच करावा.