माहुली, १६३६ : एक गादी बुडाली त्याचा घटनाक्रम

शहापूरजवळचा माहुलीचा डोंगर म्हणजे एका रांगेतले तीन गड. मधे माहुली, उत्तरेला पळसगड, दक्षिणेला भंडारगड. मलिक अहमदनं १४९० साली उभी केलेली निझामशाही १४६ वर्षांनी या डोंगरावर संपली. शेवटच्या दिवशी रणात कुणी सुलतान पडला नाही. एक अल्पवयीन मुलगा शत्रूच्या हाती गेला, आणि तेवढ्यानं राज्य बुडालं. असं का झालं, ते मागून मोजत आलं की कळतं.

३६ वर्षं आधी : अहमदनगर, १६००

चांदबिबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेनं घेतला. बाल सुलतान बहादूर निझामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून झाली. राजधानी गेली, राजा गेला. तरी राज्य उरलं, कारण मलिक अंबरनं परांड्याला त्याच घराण्यातला दुसरा वारस गादीवर बसवला. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुढे १६२६ मध्ये मरेपर्यंत राज्य चालवत होता. फौज त्याची, जमाबंदी त्याची, डावपेच त्याचे. शिक्का मात्र निझामशहाचा. दख्खनी, हबशी आणि मराठे सरदार एकमेकांपुढे मान तुकवत नसत; निझामशहाच्या नावापुढे तुकवत. ते नाव लावायला त्या रक्ताचा माणूस लागे.

७ वर्षं आधी : दौलताबाद, २५ जुलै १६२९

सिंदखेडचे लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाऊंचे वडील आणि शहाजीराजांचे सासरे, दरबारात मुजऱ्याला गेले. तिथंच निझामशहाच्या हुकमानं मुलांसकट कापले गेले. मराठा सरदारांचा गादीवरचा विश्वास त्या दिवशी उडाला. शहाजीराजे काही काळ मोगलांकडे गेले. त्यातच १६३० पासून दुष्काळानं दख्खन ओस पडत चालली होती.

३ वर्षं आधी : दौलताबाद, १७ जून १६३३

मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान यानं गादीवरच्या निझामशहाला ठार करून त्याच्या हुसेन नावाच्या पोराला गादीवर बसवलं होतं. आता दौलताबादही मोगल सेनापती महाबतखानाच्या हाती पडलं. हुसेनची पाठवणी ग्वाल्हेरला. मोगलांच्या हिशेबी निझामशाही इथंच संपली.

त्याच वर्षी, पावसाळा सरताना : पेमगिरी

मोगलांना सोडून परतलेल्या शहाजीराजांनी अंबरचाच डाव पुन्हा टाकला. मूर्तझा नावाचा घराण्यातला एक मुलगा शोधून काढला आणि संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर त्याला निझामशहा म्हणून जाहीर केलं. विजापूरहून मुरार जगदेवची साथ होती. हे पोर जीवधनच्या किल्ल्यावरून आणलं, असं सांगतात.

जीवधन नाणेघाटाच्या तोंडावर उभा आहे, आणि घाट उतरतो तो मुरबाडकडे. घाटातल्या लेण्यात सातवाहन राजघराण्याचे पुतळे कोरलेले होते. सिमुक, राणी नागनिका, राजा सातकर्णी, राजकुमार, अशी ओळच होती. पुतळे गेले, भिंतीवर त्यांची नावं आणि खाली पावलांच्या खुणा राहिल्या. तिथं माणसं जाऊन नावं उरली होती; त्याच घाटमाथ्यावर दीड हजारांहून अधिक वर्षांनी उरलेल्या नावाला माणूस पुरवण्याचं काम चाललं होतं.

पुढची तीन वर्षं जुन्नर, नाशिक, त्र्यंबक, उत्तर कोकण एवढा मुलूख शहाजीराजांनी या मुलाच्या नावानं राखला.

१ वर्ष आधी : विजापूर, १६३५

दरबारी भाऊबंदकीत विजापूरचा कारभारी खवासखान मारला गेला, पाठोपाठ मुरार जगदेवही. विजापुरातला शहाजीराजांचा आधार तुटला.

साधारण सहा महिने आधी : मे १६३६

मोगल बादशहा शहाजहान जातीनं दौलताबादेस येऊन बसला होता. विजापूरच्या आदिलशहानं त्याच्याशी तह केला. २० लाख रुपये पेशकश कबूल, निझामशाहीचा मुलूख दोघांत वाटून. शहाजीराजांसाठी तहात वेगळं कलम होतं: जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मोगलांना दिल्याशिवाय विजापूरनं त्यांना चाकरीस ठेवायचं नाही. कालचा सोबती आता पाठलागाला निघाला.

तीन महिने आधी : पावसाळा

जुलैत शहाजहान उत्तरेकडे वळला आणि दख्खनची सुभेदारी सतरा वर्षांच्या औरंगजेबाकडे आली. सरदार खानजमान जुन्नरवर चालून गेला. घोड नदीच्या पुरानं त्याची फौज अडकून पडली. शहाजीराजांना तेवढीच उसंत मिळाली.

काही आठवडे आधी : कुंभा घाट, कोकण

मुलाला घेऊन शहाजीराजे घाटाखाली उतरले. चौलच्या पोर्तुगीजांकडे आसरा मागितला. मोगल आणि विजापूर दोघांशी वैर नको म्हणून त्यांनी हात वर केले. परतताना मुरंजनजवळ खानजमानाची आघाडी पाठीवर आली. त्या धावपळीत नगारे, निशाणं, पालखी आणि निझामशहाची छत्री मोगलांच्या हाती पडली. राजेपणाची सगळी चिन्हं गेली. उरला तो मुलगाच. शहाजीराजांनी माहुली गाठली.

शेवटचे दिवस : माहुलीचे दरवाजे

एका दरवाजावर खानजमान, दुसऱ्यावर विजापूरचा रणदुल्लाखान. जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवाजीराजेही तेव्हा गडावर होते, अशी या भागातली परंपरा आहे. शहाजीराजांनी खानजमानाला पत्रामागून पत्र लिहिलं: बादशाही चाकरीत घ्या. उत्तर एकच: जीव वाचवायचा असेल तर आदिलशहाशी बोला. मग रणदुल्लाखानाशी बोलणी सुरू झाली. आज एक अट घालायची, उद्या ती फिरवायची, असा खेळ शहाजीराजांनी चालवला, असं मोगली बखरकार त्रासून लिहितो. चार दिवस मिळाले तर काहीतरी उलथापालथ होईल, एवढाच त्यात हिशेब असावा. वेढा मात्र आवळत गेला.

शेवटचा प्रहर : अर्ध्या डोंगरावर

पायथ्याच्या माहुली गावातून माथा गाठायला आजही अडीच-तीन तास लागतात. शहाजीराजे तळापर्यंत उतरले नाहीत आणि रणदुल्लाखान माथ्यापर्यंत चढला नाही. भेट अर्ध्या डोंगरावर झाली. शरण येतानाही ती आब दोघांनी राखली. शहाजीराजांना विजापूरची चाकरी मिळाली. जुन्नर, त्र्यंबक, त्रिंगलवाडी, हरिश्चंद्रगड, जीवधन असे एकेक किल्ले मोगलांना गेले. मुलगा खानजमानाच्या हवाली झाला.

त्यानंतर

मूर्तझालाही ग्वाल्हेरला नेलं. तिथं आधीचे दोघे होतेच: एक अहमदनगरहून आणलेला, दुसरा दौलताबादहून. तीन निझामशहा एका किल्ल्यात, आणि मुलुखात एकही नाही. शहाजीराजे कर्नाटकात गेले, मोठे झाले. निझामशाहीसाठी मात्र पुन्हा कुणी वारस शोधला नाही.

१६०० मध्ये राजा पकडला गेला आणि राज्य टिकलं, १६३६ मध्ये राजा पकडला गेला आणि राज्य संपलं. रक्त दोन्ही वेळी तेच होतं. पहिल्या वेळी त्या नावामागे अंबरची फौज आणि सरदारांची एकी होती. दुसऱ्या वेळी सरदार पांगलेले, शेजारी फितलेला, मुलूख दुष्काळानं खचलेला, आणि एकटे शहाजीराजे.

१६३६ साली सुभेदार असलेल्या औरंगजेबानं ५३ वर्षांनी हाच हिशेब पुन्हा मांडला. १६८९ मध्ये संभाजीराजांना पकडून मारलं, रायगड घेतला, सात वर्षांच्या शाहूला छावणीत नेलं. राजा, राजधानी, वारस, तिन्ही हाती आले. निझामशाही एवढ्यावर बुडाली होती. मराठ्यांचं राज्य बुडालं नाही. राजारामाच्या आणि पुढं ताराबाईच्या हाताखाली किल्लेदार अठरा वर्षं झुंजत राहिले. त्या १८ वर्षांत त्यांना गादीच्या नावाची गरज होतीच, पण नाव नाहीसं झालं तर घरी परतायचं, असं मानणारी ती माणसं नव्हती.